गाडी तापली तर झाकणाला हात लावू नका!

गाडी तापली, वाफ निघायला लागली, तर रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. पुढे बरंच सांगायचं आहे, पण ज्याला वाचायला सवड नाही त्याने एवढं एक वाक्य आपल्या ड्रायव्हरला फोन करून ऐकवलं तरी पुरे.

ज्यांच्या दारात एखादी जुनी ट्रॅव्हलर, मेटाडोर, ओम्नी किंवा छत घातलेला टेम्पो उभा आहे, आणि येत्या काही दिवसांत ती गाडी लांब पल्ल्याला निघणार आहे, त्या काळेवाडी-रहाटणी-थेरगावपासून मोशी-चाकणपर्यंतच्या सगळ्यांना हे आवाहन आहे. पालख्यांचं प्रस्थान तोंडावर आलं आहे. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकोबांची पालखी हलते, दुसऱ्या दिवशी आळंदीतून माउलींची. आणि त्यांच्या मागे-पुढे हलतात दिंड्यांच्या गाड्या. राहुट्या, शिध्याची पोती, मोठी पातेली, गॅसच्या टाक्या, गाद्या आणि चालवत नाही अशी चार म्हातारी माणसं, एवढं सगळं पोटात घेऊन त्या अठरा-वीस दिवस पंढरपूरच्या वाटेवर असतात. सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, झोपायला पलंग आणि चहाला शेगडी असलेल्या गाड्यांची जाहिरात झाली. आपल्याकडे चाकावरचा संसार त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. फक्त त्याला कुणी कॅरव्हॅन म्हणत नाही. हल्ली आपल्याच भागातली काही कुटुंबंही जुनी ट्रॅव्हलर घेऊन, मागची बाकं काढून, फळ्या ठोकून कोकणात मुक्कामी जातात. त्यांनीही हे वाचावं. गणपतीला निघताना आंबा घाट किंवा वरंधा घाट त्यांच्या गाडीचं वय विचारणार नाही.

यातल्या बऱ्याच गाड्या आपल्याच मातीतल्या कंपनीच्या. बजाज टेम्पोने आकुर्डीत मेटाडोर बनवली, १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली. पुढे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. तुकोबांच्या पालखीचा पहिला मोठा मुक्कामही आकुर्डीलाच असतो. जिथे मेटाडोर जन्मली त्या गावातून या गाड्या दिंडीबरोबर निघतात आणि घाटात पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस येतो, हे बरं दिसत नाही.

आता दिंडीच्या गाडीकडे जरा समोरून उभं राहून बघा. वर दिंडीच्या नावाचा फ्लेक्स. तो टपावर बसत नाही म्हणून पुढच्या जाळीवर ताणून बांधलेला, चारही कोपऱ्यांना सुतळी. त्यावर झेंडूचा जाड हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, खाली भगव्या कापडाची झालर. दिसायला गाडी सुंदर दिसते. पण त्या जाळीमागे रेडिएटर आहे आणि त्याला वारा फक्त तिथूनच मिळतो. आपण त्याच्या नाकावर उशी दाबून धरली आहे. गाडी मोकळ्या रस्त्याने साठ-सत्तरच्या वेगाने धावली तर कडेकडेने का होईना, थोडी हवा शिरते. पण दिंडीची गाडी गर्दीत बैलाच्या चालीने सरकते. पहिल्या गिअरमध्ये, पुढे पाणी तापतंय, पंखा एकटाच झगडतोय आणि पंख्यासमोर फ्लेक्स. फ्लेक्स बाजूला बांधा, टपावर बांधा, मागे बांधा. हार काचेखाली चालतो. जाळी मोकळी ठेवा. या संपूर्ण आवाहनातलं सगळ्यात स्वस्त काम हेच आहे, फुकट आहे, आणि तरी तेच सगळ्यात कमी लोक करतील असं मला वाटतं.

वारी नसलेल्यांना हेच दृश्य चाकणला दिसतं. तळेगाव चौकात संध्याकाळी कंपन्या सुटल्या की गाड्या इंचाइंचाने सरकतात. एसी चालू, आत बारा माणसं, शेजारी कंटेनरची धग. जुनी गाडी घाटापेक्षा अशा ठिकाणी लवकर तापते, कारण चढावर निदान थोडा वेग तरी असतो.

झाकणाचं का एवढं, ते नीट समजून घ्या. पाणी १०० अंशाला उकळतं असं शाळेत शिकलो. आपल्या पुण्याच्या उंचीवर ते दोनेक अंश आधीच उकळतं. इंजिनातलं पाणी मात्र शंभराच्या बरंच पुढे गेलं तरी उकळत नाही, कारण झाकणाची स्प्रिंग त्याला दाबून धरते. बऱ्याच गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा छापलेला दिसेल, तो त्या दाबाचा. एवढ्या दाबाखाली साधं पाणी ११७-११८ अंशाच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याच्याही पुढे. आता तुम्ही झाकण फिरवलंत, दाब एका क्षणात गेला, आणि आतलं पाणी आता ज्या तापमानाला आहे त्या तापमानाला पाणी म्हणून राहूच शकत नाही. त्यातल्या काहीची जागच्या जागी वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती जागा म्हणजे झाकणावर वाकलेल्या माणसाचा चेहरा, मान, छाती आणि दोन्ही हात. कुकरची शिटी खाली बसल्याशिवाय घरातली बाई झाकण काढत नाही. तीच अक्कल रस्त्यावर कुठे जाते कळत नाही. काही गाड्यांना रेडिएटरऐवजी बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर दाबाचं झाकण असतं. नियम तोच.

आपल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. जुन्या ट्रॅव्हलरच्या आणि मेटाडोरच्या इंजिनाचा मोठा भाग केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या शेजारी, झाकणाखाली. म्हणजे वाफ बाहेर न जाता माणसांत येते. शेजारच्या सीटवर पोर बसलेलं असताना खालचं झाकण उचलून 'काय झालंय बघतो' म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आधी माणसं उतरवा. सगळी.

मग करायचं काय?

गाडी तापल्याची चाहूल आधी लागते. काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकतो, गाडी ओढत नाही, एसीतून कोमट हवा येते, कूलंट असेल तर गोडसर वास येतो. हे दिसलं की पहिल्यांदा एसी बंद. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण चालू करा, ब्लोअर मोठा. उन्हाळ्यात घामाने निथळाल, पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे सरळ रस्त्यावर, लांबून दिसेल अशी जागा बघा. वळणावर थांबू नका, पुलावर थांबू नका. काटा चढलाय पण लालात गेलेला नाही, वाफ नाही, अशा वेळी उभं राहून इंजिन थोडं वाढीव रेसवर दोन मिनिटं चालू ठेवलं तर पाणी फिरत राहतं आणि काटा खाली येतो. येत नसेल तर बंद करा. वाफ दिसली किंवा काटा लालात गेला तर विचार करत बसू नका, लगेच बंद.

आणि एक दिवा ओळखून ठेवा. चार्जिंगचा, बॅटरीचं चित्र असलेला. तो चालू गाडीत अचानक पेटला आणि पाठोपाठ काटा चढू लागला, तर बहुतेक वेळा फॅनबेल्ट तुटलेला असतो. अनेक जुन्या इंजिनांत वॉटरबॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि डायनमो एकाच बेल्टवर फिरतात, त्यामुळे दोन्ही एकदमच थांबतात. पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ म्हणालात तर इंजिन जाम होईल.

काट्याचा एक खोटेपणाही सांगतो. होजपाईप फुटून सगळं पाणी निघून गेलं की काटा कधीकधी खाली येतो. ड्रायव्हर सुटकेचा नि:श्वास टाकतो. खरं तर काट्याला खबर देणारा सेन्सर कोरडा पडलेला असतो आणि त्याला सांगायला पाणीच उरलेलं नसतं. वाफ बघितली, मग काटा उतरला, तर गाडी थंड झाली असं समजू नका.

थांबल्यावर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दगड लावा. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर बंद आहे का, ते हाताने चाचपून बघा. बंद केला होता या आठवणीवर विसंबू नका. माणसांना डावीकडून उतरवा आणि रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीच्या मागे कुणी उभं राहू नये. मागून येणाऱ्या ट्रकने गाडीला धडक दिली तर मागे उभे असलेलेच आधी जातात. गाडीमागे पन्नास-एक मीटरवर त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवा, रात्री आणि पावसात आणखी मागे. नसेल तर झाडाची फांदी तरी. आणि निघताना, कृपा करून, ते दगड उचला. चाकाखालचे आणि रस्त्यात खूण म्हणून मांडलेले, सगळे. गाडी चालू झाल्याच्या आनंदात दगड तसेच सोडून जायची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की घाटात दर वळणावर कुणाच्या तरी बंद पडलेल्या गाडीचं स्मारक दिसतं. रात्री त्यावर मोटारसायकलवाला जातो.

पुढचा अर्धा-पाऊण तास काहीही करायचं नाही. हेच सगळ्यात अवघड काम. कारण तोवर भोवती गर्दी जमलेली असते आणि गर्दीत एक तरी जाणकार असतोच. 'अरे झाकण काढ, वाफ जाऊ दे!' 'इंजिनावर पाणी मार, गार होईल!' माझं खरं आवाहन या जाणकारांना आहे. रस्त्यात वाफाळलेली गाडी दिसली तर पाण्याची बाटली घेऊन जरूर धावा. पण ती बाटली प्यायला द्या. ड्रायव्हरचा हात झाकणाकडे गेला तर तो हात धरा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं. आणि हेड गेलं म्हणजे दिंडी पंढरपूरला आणि गाडी गॅरेजला.

बंद केलेल्या गाडीचा विजेचा पंखा अचानक फिरू शकतो, तेव्हा किल्ली काढली म्हणून आत बोटं घालू नका. खाली सांडलेल्या हिरव्या किंवा लाल कूलंटवर माती टाका. ते विषारी असतं आणि चवीला गोड. कुत्री चाटतात आणि मरतात, लहान मूलही बोट घालून बघू शकतं.

पाऊण तासाने रेडिएटरच्या वरच्या जाड होजपाईपला फडक्याने दाबून बघा. कडक लागला तर आत अजून दाब आहे, पुन्हा बसा. मऊ लागला तर झाकणावर जाड, घडी केलेलं फडकं टाका, तोंड बाजूला वळवा आणि झाकण फक्त पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग दाबून पूर्ण काढा. इंजिन चालू करून पाणी बारीक धारेने घाला. एकदम ओतू नका. अडचणीच्या वेळी साधं पाणी चालतं, झऱ्याचंही चालतं.

पाणी भरताना रेडिएटरच्या तोंडातून एकसारखे बुडबुडे येत राहिले, धुराड्यातून गोड वासाचा पांढरा धूर निघाला, किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर हेड गॅस्केट गेलेलं आहे. गाडी चालवू नका. टोचन मागवा. यांपैकी काही नसेल तर जवळच्या गॅरेजपर्यंत हळू, काट्यावर डोळा ठेवून जा.

घाट उतरताना गाडी तापली तर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडायची, 'वाऱ्याने गार होईल आणि डिझेलही वाचेल', असं करणारे अजूनही आहेत. जुन्या गाडीच्या ब्रेकला जोर इंजिनाकडून मिळतो. इंजिन बंद असताना पेडल दोन-तीनदा दाबलं की ते दगडासारखं होतं. किल्ली काढली तर स्टीअरिंगही लॉक होऊ शकतं. मागे गाद्यांवर माणसं झोपलेली असताना हा खेळ दिवे घाटात काय, कुठल्याच उतारावर खेळू नका. दोरीने टोचन करतानाही हेच लक्षात ठेवा: मागच्या गाडीला ब्रेक जवळजवळ नसतो. घाटात दोरी नको, क्रेन बोलवा.

कुणी भाजलंच, तर भाजलेल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं वाहू द्या. वीस म्हणजे वीस. बर्फ नको. अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. अंगाला चिकटलेलं कापड ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यातलं काहीही लावू नका. स्वच्छ कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करा. डोळ्यांत वाफ गेली असेल तर पाण्याने धूत राहा आणि थेट दवाखाना. राष्ट्रीय महामार्गावर गाडी अडकली असेल तर १०३३. आळंदी-पंढरपूर आणि देहू-पंढरपूर हे दोन्ही पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहेत, ९६५ आणि ९६५जी, त्यामुळे वारीच्या वाटेवरही हा नंबर उपयोगाचा. बाकी कुठेही ११२.

हे सगळं रस्त्यावरचं झालं. रस्त्यावर वेळ येऊ नये म्हणून या आठवड्यात करायचं काम थोडंच आहे. वर्षभर उभी असलेली गाडी एकदम घाटाला लावू नका. वापराने जेवढी झिजते तेवढीच गाडी उभी राहूनही झिजते: बेल्ट वाळतो, होजच्या तोंडाशी बारीक चिरा पडतात, रेडिएटरच्या पाकळ्यांत उंदीर गवत कोंबतात. होज दाबून बघा, बेल्ट उलटा करून चिरा बघा, एक बेल्ट आणि वरचा-खालचा होज सोबत ठेवा, चार क्लिपा आणि दहा लिटर पाणीही. पुढून पाण्याचा फवारा मारून पाकळ्या स्वच्छ करून घ्या, पण हलक्या हाताने. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या वाकतात. मग भरलेल्या गाडीने एकदा कात्रजचा जुना घाट चढून या. जे होणार असेल ते घराजवळ होऊ दे.

पाण्याबद्दल एक आपल्या गावाची गोष्ट. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. मधल्या दिवशी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तो आपण रोज बघतो. तेच पाणी ड्रायव्हर सकाळी रेडिएटरमध्ये ओततो. तोच पांढरा थर आत बारीक नळ्यांत बसतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रेडिएटर चोक होतो. मग रॉडिंग करा, नाहीतर बदला. त्यापेक्षा कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी घाला.

गॅरेजवाल्यांनाही एक विनंती, रागावू नका. गाडी तापते म्हटलं की 'थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाकू' हा उपाय बंद करा. व्हॉल्व नसला की गाडी सपाटीला गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल जास्त पिते, आणि काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला बगल देऊन परत इंजिनात जातं, म्हणजे घाटात उलट जास्त तापते. व्हॉल्व खराब असेल तर नवा बसवा. आणि काळेवाडी फाट्यापासून पाचपीर चौकापर्यंतच्या प्रत्येक गॅरेजने प्रस्थानाआधी दिंडीच्या गाड्यांचा फक्त बेल्ट, होज आणि पाणी तपासून दिलं, पैसे न घेता, तर दर गाडीमागे दहा मिनिटं लागतील. एवढी सेवा परवडण्यासारखी आहे.

शेवटचं काम आजच्या आज करता येतं. बहुतेक झाकणांवर 'नेव्हर ओपन व्हेन हॉट' असं इंग्रजीत कोरलेलं असतं, तेही इतकं बारीक की तेल-धुळीखाली दिसत नाही. जाड कागदावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'गरम असताना उघडू नये' असं लिहा, वरून रुंद चिकटपट्टी मारा आणि ओम्नीत सीटखाली, ट्रॅव्हलरमध्ये इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. दिंडीच्या विणेकऱ्यापासून स्वयंपाक्यापर्यंत सगळ्यांना एकदा दाखवा, कारण ड्रायव्हर डबा खायला गेला की झाकण उघडायला पुढे येणारा माणूस दुसराच असतो.